वहिनीच्या जागी

८ जानेवारी

वहिनी,

सुरुवात कशी करायची यात माझा अर्धा कप चहा थंड झाला. 'प्रिय' लिहिलं तर खोटं होईल आणि नुसतं 'वहिनी' लिहिलं तर तुसडेपणा दिसेल. दिसू दे. फोन तू उचलत नाहीस. तुझी बहीण उचलते आणि दर वेळी 'ती जरा पडलीये' म्हणते. इतकं कोण पडून राहतं? म्हणून तिच्याच पत्त्यावर हे पत्र टाकते आहे. तुझ्या हातात पडेल असं धरून चालते.

दादाने मला 'दोन-चार दिवस ये' म्हणून बोलावलं होतं. दोन-चार दिवसांचे आठवडे झाले. सकाळी गाडी शिकायला येणारी मंडळी मी दुसऱ्या मास्तरांकडे दिली. छकुली शाळेत असते तेवढ्या वेळातलेच शिकाऊ ठेवलेत. त्यातही परवा एकाने सिग्नलला गाडी बंद पाडली आणि मी चक्क त्याच्यावर ओरडले. मी कधी ओरडत नाही, तुला माहीत आहे. शिकवण्याच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, ओरडायची गरजच पडत नाही.

इथे सगळं ठीक आहे. छकुली मजेत, मी मजेत, दादा कामात. मी केस कापून घेतले, कानाच्या वर. मानेवर फार गरम होत होतं.

पण तुझ्या घराला काय झालंय ते सांगशील का? स्वयंपाकघरात सुरी नाही. शोधून शोधून थकले, तर सगळ्या सुऱ्या कपाटाच्या माथ्यावर पेटीत, कुलूप लावून. काचेचा एक पेला नाही, चिनीमातीची बशी नाही. पाहुणा आला तर प्लास्टिकच्या भांड्यात चहा देणार का? आरसे काढलेत. बाथरूमची कडी आतून काढून बाहेरून लावली आहे. हे घर आहे की कोठडी, असं मी दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "तिला विचार." तिला म्हणजे तुला. तर विचारते आहे.

आणि दुसरंही विचारते. मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे, चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही, पाळी नुकती सुरू झाली आहे. अशा मुलीला टाकून आई जातेच कशी? मला मूलबाळ नाही, मला काय कळणार, असं म्हणशील. म्हण. पण येणार कधी ते कळव.

– तुझी नणंद


२२ जानेवारी

वहिनी,

उत्तर नाही. बरं.

मंगळवारी एका बाईंचा फोन आला. आवाज शांत. "शनिवारी याल का? त्यांची जागा रिकामी आहे." मी म्हटलं, कोणाची जागा, कसली जागा? तेव्हा कळलं की तू गेली दोन वर्षं दर शनिवारी पालकांच्या गटात जात होतीस. दादाला माहीत होतं. मला तू 'शनिवारी बाजारात जाते' सांगायचीस.

गेले. म्हटलं, निदान चार युक्त्या तरी कळतील. चिडली की काय करायचं, चावायला आली की कसं धरायचं. बालवाडीचा वर्ग, आपल्या गुडघ्यापर्यंत येतील एवढ्याशा खुर्च्या, भिंतीवर पोरांनी काढलेले हत्ती. शेजारच्या खोलीत दोन मुली आपापल्या परीने पोरांना सांभाळत होत्या. छकुली तिथे आधी गेलेली असणार, कारण सरळ जाऊन खिडकीखाली बसली आणि पडद्याची कड बोटांत फिरवायला लागली. मला तर दार कुठे आहे तेही माहीत नव्हतं.

फोनवाल्या बाई म्हणजे तिथल्या मानसतज्ज्ञ. मी वही काढून तयार बसले. तर बाई मला विचारतात, "तुमचं कसं चाललंय?"

म्हटलं, "माझं काय? मुलीचं विचारा."

सगळे हसले. माझ्या शेजारी एक बेकरीवाला होता, त्याची दोन्ही मुलं तशी आहेत. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात, ताई. मी तर 'माझं उत्तम आहे' म्हणालो होतो आणि दुसऱ्या मिनिटाला हुंदके द्यायला लागलो."

मग त्याने विचारलं, मी कोण. सांगितलं. त्याबरोबर तो उडालाच. "अहो, म्हणजे तुम्हीच का त्या? गाडी शिकवणाऱ्या? 'शिस्त लावली की सगळं सुरळीत होतं' वाल्या?" आणि हाताने स्टिअरिंग धरून, मान ताठ करून त्याने माझी नक्कल केली. म्हणजे माझी नाही, तू करतेस ती माझी नक्कल. बाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण त्यांच्याही तोंडावर हसू होतं.

वहिनी, तुला नकला येतात? इतक्या वर्षांत आमच्यासमोर तू एक विनोद केलेला मला आठवत नाही. तिथे सगळे म्हणत होते, ती आली की खोलीत हसू यायचं. मला वाईट वाटलं. राग आला असं लिहिणार होते, पण वाईटच वाटलं.

युक्त्या काही मिळाल्या नाहीत. 'शांत कसं करायचं हे पुढे पाहू, आधी तुम्ही झोपता किती ते सांगा' म्हणाल्या. मी पुन्हा जाणार नाही.

– नणंद


५ फेब्रुवारी

वहिनी,

पुन्हा गेले. कशाला ते विचारू नकोस.

छकुलीच्या शाळेने तिला आठवडाभर घरी ठेवायला सांगितलं आहे. व्हॅनमध्ये तिने पुढच्या सीटवरच्या मुलाचे केस धरले आणि सोडलेच नाहीत. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, दोन माणसं लागली. व्हॅनचा रस्ता बदलला होता म्हणे, कुठे तरी खोदलंय म्हणून. शाळेतल्या बाईंनी मला हे फोनवर शेवटी सांगितलं, जाता जाता. मुख्य गोष्ट तीच होती, पण मुलीने काय केलं याचाच पाढा आधी वाचून झाला.

आणि हो, माझे केस गरम होत होते म्हणून कापले नाहीत. जानेवारीत कुठलं गरम. तू दोन वर्षांपूर्वी असेच केस कापून आली होतीस तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, या वयात काय फॅशन. तू नुसती हसलीस.

आता दादाचं. तो प्रेसमधून रोज उशिरा येतो, छपाईचं काम वाढलंय म्हणून. मी विश्वास ठेवला. सोमवारी संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर आपली गाडी जागेवर उभी. इंजिन बंद. आत दादा, पट्टा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. रस्त्यावर चालवत असल्यासारखा समोर भिंतीकडे बघत बसलेला. मी काचेवर टकटक केलं. त्याने दचकून काच खाली केली.

"कधी आलास?"

"आत्ताच."

बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. गाडीच्या बाबतीत मला कोण फसवणार?

"दादा, किती वेळ बसतोस रे इथे?"

"पाचच मिनिटं." मग म्हणाला, "वरून तिचा आवाज येत असला की पाय उचलत नाही. ती शांत झाली की येतो."

"आणि वहिनी असताना?"

त्याने पट्टा सोडला आणि काच वर केली. मग उतरून माझ्या हातातला कचऱ्याचा डबा घेतला आणि टाकून आला. जिना चढताना म्हणाला, हे तिला कळवू नकोस. मी कळवते आहे.

तू रोज या वेळेला एकटी होतीस ना? आणि खाली गाडी उभी आहे हे तुला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत असणार. मी उभी राहून बघितलं. दिसतं.

– नणंद


१९ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं.

गेल्या गुरुवारी झालं. दुपारी. वरच्या मजल्यावर भिंतीत ड्रिल मारत होते. मी जाऊन विनंती केली, त्यांनी 'दहा मिनिटं' म्हटलं आणि दोन तास चालू ठेवलं. छकुलीने आधी कान दाबले, मग फेऱ्या मारायला लागली, मग स्वतःच्या मनगटाला चावायला लागली. हे सगळं म्हणजे ती आपल्याला आधी सांगत असते, हे मला आता कळतं. तेव्हा मी तिला घेऊन खाली उतरले असते, गाडीत बसवून चक्कर मारून आणली असती तर. पण मी शिकवणीचा हिशेब कोणाला तरी फोनवर समजावत होते. तिच्याकडे पाठ.

ती मागून आली. माझ्या दंडात दात रुतले. सोडेना. मी ओरडले, ती जास्त घट्ट. ती आता माझ्याहून ताकदवान आहे, वहिनी. छकुली म्हणतो आपण तिला, पण ती तुझ्याहून बोटभर उंच आहे. मी कशीबशी सुटले, तिला ढकलत बाथरूममध्ये नेलं आणि बाहेरून कडी लावली. ती कडी कशासाठी आहे हे तुला पहिल्या पत्रात विचारलं होतं.

आतून ती डोकं आपटायला लागली. दाराच्या लाकडावर नाही, फरशीवर. तो आवाज तुला माहीत असणार. मी कडीवर हात ठेवून उभी होते. उघडू शकत होते. उघडलं नाही. माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. मनात आलं, थांबू दे. कसंही थांबू दे. मग जे काही व्हायचं ते होऊ दे.

मग खरंच थांबलं. त्या शांततेने मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

भुवईच्या वर टाके पडले. आता बरी आहे, खाते-पिते आहे, काळजी करू नकोस असं लिहायचं असतं, लिहिते. दवाखान्यात नर्सने विचारलं कसं लागलं. म्हटलं, पडली. नर्सने माझ्या दंडाकडे बघितलं आणि त्यावरही औषध लावलं. छकुली परतताना रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. माझ्याच खांद्यावर. तिने कुठे जायचं दुसरीकडे?

तू कशी गेलीस हे दादाने मला काल सांगितलं. तो दारातून आत आला, तू छकुलीचा हात त्याच्या हातात दिलास, म्हणालीस, "आता तू बघ, मी इथे थांबले तर बरं होणार नाही." आणि चपला न घालता जिना उतरलीस. त्याला वाटलं तू रागावून गेलीस. मलाही इतके दिवस तसंच वाटत होतं.

तू का गेलीस हे मी पुन्हा विचारणार नाही. कधी येणार हेही नाही. तुझं हे दार, ही कडी आणि तो आवाज मला मिळाला, तेवढं पुरे आहे.

– मी


३ मार्च

वहिनी,

गटात सांगितलं. सांगणार नव्हते. बेकरीवाला त्याच्या धाकट्याने टीव्ही खिडकीबाहेर टाकला ते रंगवून सांगत होता, सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि मध्येच माझ्या तोंडून निघालं, "मी तिला कोंडलं."

कुणी 'अरेरे' केलं नाही. कुणी 'होतं असं कधी कधी' म्हणूनही सोडून दिलं नाही. बाईंनी खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"दार बंद ठेवलंत, ते तिच्यासाठी धोक्याचं होतं," म्हणाल्या. "हे मी गोड करून सांगणार नाही. पण तुम्हाला बाहेर पडायची गरज होती, ती खरी होती. ती गरज आली की काय करायचं, कुणाला बोलवायचं, हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलंय का?"

म्हटलं, नाही. मला शिस्त लावता येते एवढंच मला माहीत होतं.

मग त्या आणि मी तासभर बसलो. तिला नाही, स्वतःला कसं ओळखायचं यावर जास्त. माझा जबडा आवळला की तीच माझी खूण, मी तेव्हाच हाक मारायची. कोणाला, तर तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना. बाई स्वतः येऊन त्यांच्याशी बोलल्या. शिंपीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं आवाज ऐकतेय, पण आपण वर जावं का नको कळायचं नाही. बोलवा की." इतकं सोपं होतं ते. बाथरूमची कडी दादाने काढली. मधल्या खोलीत गादी टाकली, जिथे तिला आपटलं तरी लागणार नाही आणि दार उघडं राहील. ड्रिलवाल्या शेजाऱ्याकडे दादा स्वतः गेला आणि सांगून आला की ठोकाठोकी असेल तर आदल्या दिवशी कळवा. दादा. जो वेटरला 'पाणी आणा' म्हणताना दोनदा माफी मागतो.

आणि ऐक, दादा शनिवारी गटात आला. मी नेलं नाही, धमकी दिली. म्हटलं, येत नसशील तर गाडीची किल्ली मी ठेवते, मग कुठे बसतोस बघू. एवढा उंच माणूस बालवाडीच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लागलेले. पूर्ण वेळ हत्तींकडे बघत होता. बाईंनी त्याला काही विचारलं नाही. शेवटी सगळे उठायला लागले तेव्हा तो म्हणाला, कुणाकडे न बघता, "मला माझ्या मुलीची भीती वाटते."

बेकरीवाला अर्धवट उठला होता, तो परत बसला. एकेक करून सगळे परत बसले.

दादा पुढे म्हणाला, "ती लहान होती तेव्हा मी तिला उचलून खांद्यावर घ्यायचो. आता ती जवळ आली की मी हात मागे घेतो. तिला ते कळतं. तिला बाकी काही कळो न कळो, ते कळतं. आणि बायको सगळं करत होती, कारण मी घाबरत होतो. तिला मी हे कधी सांगितलं नाही. कामाचं सांगत राहिलो."

हे मी तुला कळवू का, असं त्याला घरी विचारलं. या वेळी म्हणाला, "कळव."

– मी


१२ मार्च

वहिनी,

परवा तू फोन केलास आणि मी मूर्खासारखी 'कोण बोलतंय' म्हणून विचारलं. आवाज बदललाय तुझा. की मीच तो कधी नीट ऐकला नव्हता?

घर सोडलंस त्या दिवशी तुझ्या हातात काय होतं आणि मनात काय होतं ते तू सांगितलंस, ते मी इथे लिहीत नाही. कागद कुणाच्याही हातात पडतो. दादाला सांगायचं की नाही ते तू ठरव. तुझ्या डॉक्टरांना सांगितलंयस ना, ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. औषध सोडू नकोस. चष्म्याच्या दुकानात पुन्हा जायला लागलीस तेही छान. लोकांचे डोळे तपासताना 'खालची ओळ वाचा' असं तू म्हणतेस त्याची मी आता घरी नक्कल करणार आहे. फिटंफाट.

शनिवारी घरी नको, गटातच भेटू, असं तू म्हणालीस. बाईंनाही तेच बरं वाटलं. छकुलीला आम्ही आधीपासून तुझा फोटो दाखवून सांगतो आहोत, बालवाडीतल्या खिडकीचा फोटो आणि शेजारी तुझा. ती दोन्ही फोटो पालथे घालते. मी पुन्हा सरळ करते.

– मी


२३ मार्च

वहिनी,

काल गटात आपल्याला बोलायला मिळालं नाही, आणि बसची वेळ झाली म्हणून तू निघालीस. दादा तुला थांब्यापर्यंत पोचवायला आला तेव्हा तुम्ही काय बोललात मला माहीत नाही. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि त्याने चहात मीठ टाकलं.

छकुली तुझ्याजवळ आली नाही याचं तुला लागलं. दिसलं मला. तुझ्या बाजूने सरळ चालत गेली, पडदा धरून बसली, जणू कुणी आलंच नाही. तू हात पुढे केला नाहीस, खुर्ची सोडली नाहीस, तासभर नुसती तिथे होतीस. बाई नंतर म्हणाल्या, त्याहून कठीण काम त्या खोलीत काल कुणी केलं नाही.

आता पुढचं. हे तुला सांगू नये असं आधी दादाचं आणि माझंही मत झालं होतं. मग वाटलं, या घरात एकमेकांपासून लपवून लपवूनच आपण इथवर आलो.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने शोधायला सुरुवात केली. प्रत्येक खोली. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे, बाल्कनीत. तुझा कोट होता ना आत टांगलेला, तो काढून त्याच्या बाह्यांत हात घालून बघितला. मग सगळी कपाटं रिकामी केली. मग जोरात ओरडायला लागली. स्वतःला चावली, मला मारलं, स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. माझा जबडा आवळला. मी शिंपीणबाईंना हाक मारली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. खरंच जाऊन बसले, वहिनी. श्वास घेतला. शिंपीणबाई मला पाणी द्यायला लागल्या तर मीच त्यांना म्हटलं, मला नको, आत दादा एकटा आहे.

दारातून बघितलं. दार उघडंच होतं. छकुली मधल्या खोलीत गादीवर, थकलेली, हुंदके देत. दादा जमिनीवर, तिच्यापासून दोन हातांवर, भिंतीला पाठ लावून. हात पुढे करत नव्हता.

हे तू उद्याच परत यावंस म्हणून लिहीत नाही. येऊ नकोस एवढ्यात, तुझे डॉक्टर म्हणाले तसंच कर. पुढच्या शनिवारी जमलं तर बालवाडीत ये, नाही जमलं तर आम्ही तिला सांगू. पुन्हा असाच दिवस होईल, तो आम्ही बघू. तिने तुला ओळखलं नाही असं वाटून तू घरी गेली असशील. तसं नाहीये, तिला तू हवी आहेस, एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

बऱ्याच वेळाने ती गादीवरून घसरत त्याच्याकडे आली. दादाचे खांदे आखडले, मला दारातून दिसलं. तिने दोन्ही पाय उचलून त्याच्या मांडीवर टाकले, जड, धपकन, आणि डोळे मिटले.

घाबरला होता तो. पण उठला नाही.

– तुझी नणंद